दारी आलेली शुश्रूषा

अमरावतीहून परतवाडा ओलांडून धारणीची वाट धरली, की वऱ्हाडातील कपाशीची काळीभोर शेते मागे पडतात आणि सातपुड्याचे घाट सुरू होतात. घाटांचा जेथे मेळ झाला, तो मेळघाट. येथील बहुतेक वस्ती कोरकू लोकांची. धारणी अमरावतीपासून सुमारे 150 किलोमीटर दूर. आणि रानातील गावे त्याहूनही आत. पावसाळ्यात सिपना नदी दुथडी वाहू लागली, म्हणजे कित्येक गावांची वाट बंद होते. अशा रात्री एखाद्या झोपडीत नुकत्याच जन्मलेल्या बालकाला धाप लागली, तर आईबापांनी काय करावे?

शहरांत रुग्णालये आहेत. अमरावतीचे स्त्री-रुग्णालय ‘डफरीन’ आणि अकोल्याचे ‘लेडी हार्डिंग’ या नावाने आजही लोकांच्या तोंडी आहे. ही नावे दोन व्हाइसरॉयांच्या पत्नींची. लेडी डफरीन यांनी 1885 साली निधी उभारला. त्यातून स्त्रियांसाठी दवाखाने निघाले आणि दाया व परिचारिका यांना शिकविण्याचीही सोय झाली. आज बारावीनंतर दोन वर्षे शिकून साहाय्यक परिचारिका-प्रसाविका होता येते. ती गावोगावच्या उपकेंद्रांत काम करते. डोंगराळ व आदिवासी भागात दर 3000 लोकांमागे एक उपकेंद्र असावे, असा दंडक आहे. आकडा लहान दिसतो खरा. पण तेच लोक चारपाच टेकड्यांवर विखुरलेले असले, तर एकट्या परिचारिकेने कोठे कोठे पोहोचावे?

या प्रश्नाचे एक उत्तर विदर्भातच, गडचिरोली जिल्ह्यात मिळाले. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तेथे 39 गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची शुश्रूषा शिकविली. त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणत. पूर्वी त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी 62 पहिल्या महिन्यातच दगावत. काही वर्षांतच हे प्रमाण सुमारे 25 वर आले. 1999 साली ही हकीकत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

मुलांनो, या शिक्षणातील एक गंमत ऐका. न्यूमोनिया झालेले बालक भरभर श्वास घेते. नवजात बालकाचे श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक झाले, तर ते धोक्याचे लक्षण. पण ज्या सुईणीला साठपर्यंत मोजता येत नाही, तिने काय करावे? तिच्यासाठी मण्यांचे एक साधन तयार झाले. शेजारी एक मिनिटाची वाळूची घटिका. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटच्या लाल मण्याची पाळी आली, की समजावे, बालक आजारी आहे. दहापर्यंत मोजता आले, की झाले! मोठमोठ्या यंत्रांपेक्षा मला हे मण्यांचे साधन अधिक बुद्धिमान वाटते.

मेळघाटातही धारणीजवळच्या उतावली येथे डॉ. आशीष सातव यांच्या ‘महान’ या संस्थेने गावातील स्त्रियांना असेच शिकविले. तेथे अडचण केवळ रस्त्यांची नव्हती. कोरकू भाषा मराठीहून अगदी निराळी, मुंडा कुलातील. शिवाय पोट फुगलेल्या बालकाला तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची जुनी रीत होती. परक्या माणसाने रागावून सांगितले, तर ते कोण ऐकणार? आपल्याच भाषेत बोलणारी, आपल्याच विहिरीवर पाणी भरणारी बाई सांगू लागली, म्हणजे आजीसुद्धा कान देते.

2005 साली सरकारने गावोगावी ‘आशा’ कार्यकर्त्या नेमण्याची योजना सुरू केली, आणि 2011 पासून नवजात बालकांच्या घरी जाण्याचे काम त्यांच्याकडे आले. बाळंतपण घरी झाले असेल, तर पहिल्या दिवशी. मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई दारात येते. प्रथम साबणाने हात धुते. बालकाला झोळीच्या काट्यात घालून वजन करते, काखेत तापमापक लावते, त्याचे श्वास मोजते, ते नीट दूध पिते की नाही ते पाहते. अंग गार लागले, तर कपड्यात गुंडाळून आईच्या छातीशी द्यायला सांगते. आणि एखादे लक्षण वाईट दिसले, तर उपकेंद्रातील परिचारिकेला तात्काळ कळविते.