‘हल्ली तो जरा विचित्रच वागतो...’

शेजारच्या क्युबिकलमधला तुमचा दोस्त. कालपरवापर्यंत कॅन्टीनमध्ये सगळ्यांची खेचणारा. हल्ली एकटाच जेवतो. तीन-तीन दिवस तोच शर्ट. एक दिवस कानाशी येऊन म्हणतो, ‘‘अरे, बॉस माझा फोन टॅप करतोय.’’ तुम्ही हसता. ‘वर्कलोड रे, सुट्टी टाक’ म्हणता नि कामाला लागता.

गोची इथेच होते! कुणी नसताना आवाज ऐकू येणं, कितीही समजावलं तरी न हलणारा संशय, तुटक बोलणं, आंघोळीपासून मित्रांपर्यंत सगळ्यातून मन उडणं... ही स्किझोफ्रेनियाची सुरुवात असू शकते. बहुतेकदा तो ऐन विशी-तिशीत गाठतो. जगात साधारण ३०० माणसांत एकाला. आणि हो, ‘एका माणसात दोन माणसं’ म्हणजे स्किझोफ्रेनिया नव्हे. तो फिल्मी फंडा!

मग टेस्ट करून टाकायची का? तशी टेस्टच नाही. ब्लड रिपोर्ट, एमआरआय काढतात ते थायरॉइड, फिट्स, मेंदूची सूज, गांजासारखी नशा यांपैकी काही नाही ना, हे बघायला. बाकी निदान उभं राहतं ते गप्पांवर आणि कॅलेंडरवर. अमेरिकन निकषांनुसार लक्षणांचा माग किमान सहा महिने लागतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार एक महिना. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टर शिक्का मारत नाहीत. उपचार मात्र तेवढं थांबत नाहीत. ते जितके लवकर, तितकं बरं.

पेशंटला अनेकदा वाटतच नाही, की आपल्याला काही झालंय. ‘हे कधीपासून?’ या डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर मग घरच्यांकडे असतं. किंवा तुमच्याकडे! ‘देवराई’ (२००४) पाहिला असेल, तर शेषची बहीण आठवा.

एवढं कराच
- काय बदललं, कधीपासून, ते तारखेसह टिपून ठेवा.
- ‘वेडा झालास का?’ नको. वाद नको, खोटी मान डोलावणंही नको. ‘‘झोप लागत नाहीये ना? चल, डॉक्टरकडे जाऊ, मी येतो,’’ म्हणा.
- १४४१६ या सरकारी ‘टेलिमानस’ हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं, फुकट.
- जीव देण्याची भाषा आली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. एकटं सोडू नका.

उद्या लंचला त्याच्या टेबलावर डबा उघडा. सुरुवात तिथूनही होते.