रात्रीच्या कामासाठी डोक्यावरची विजेरी : निवड आणि निगा

शेतीचे, वनांचे आणि गावगाड्याचे कितीतरी काम सूर्यास्तानंतर चालते. काटोल-नरखेडकडील संत्र्याच्या बागांना आणि रब्बीच्या गहू-हरभऱ्याला पाणी देणारा शेतकरी, रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जागलीवर बसलेला राखणदार, चैत्रात पहाटेच्या अंधारात मोहफुले वेचणाऱ्या स्त्रिया, गस्तीवरील वनरक्षक, वादळानंतर खांबावर चढणारा लाइनमन आणि अवेळी बोलावणे आलेली आशा कार्यकर्ती या सर्वांची गरज एकच असते : दोन्ही हात मोकळे राहावेत आणि पावलापुढची जमीन स्पष्ट दिसावी. हातातील विजेरी ही गरज पुरी करू शकत नाही, कारण फावडे धरले की विजेरी खाली ठेवावी लागते. म्हणूनच डोक्याला पट्ट्याने बांधावयाची, पुन्हा पुन्हा भारित होणारी विजेरी, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘हेड टॉर्च’, आज गावोगाव दिसू लागली आहे.

नागपुरात धरमपेठेच्या बाजारात सहज फेरफटका मारला, तरी शंभर-दोनशे रुपयांपासून काही हजारांपर्यंतच्या अशा विजेऱ्या आढळतात. खोक्यांवर मोठमोठे आकडे छापलेले असतात. त्यांपैकी कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवावा आणि आपल्या कामाला कोणती वस्तू योग्य ठरेल, हे ग्राहकाला कळणे अगत्याचे आहे. पहाटे तीन वाजता बांधावर विझणारी विजेरी ही केवळ वाया गेलेल्या पैशांची बाब नसते.

प्रश्न जिवाचा आहे

भारतातील सर्पदंशाविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सुमारे १२ लक्ष माणसे सर्पदंशाने मृत्यू पावली. वर्षाला सरासरी ५८ हजार. यांतील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातील होत. मण्यार हा रात्रीच हिंडणारा साप आहे, तर घोणस बांधाच्या गवतात व पालापाचोळ्यात निश्चल पडून राहते. पाय पडेपर्यंत ती दिसत नाही. केंद्र शासनाने २०२४ मध्ये सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला असून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट त्यात ठेविले आहे. उपचाराची सोय हा त्याचा एक भाग आहे. मुळात दंशच टाळणे हा दुसरा, आणि तेथे प्रकाशाला महत्त्व आहे.

कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी या हेतूने राज्यात २०१७ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबविली जात असून २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. या योजनेचा विस्तार होईल तसतसे रात्रीचे ओलित कमी होईल. तोपर्यंत, आणि इतर रात्रपाळीच्या कामांसाठी त्यानंतरही, चांगल्या विजेरीची गरज राहणारच आहे.

खाणीतून आलेला दिवा

डोक्यावर दिवा बांधण्याची पद्धत विदर्भाला नवी नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीचे मुख्यालय धरमपेठेजवळच, सिव्हिल लाइन्समध्ये आहे. जिल्ह्यातील सिल्लेवाडा, सावनेर येथील भूमिगत खाणींत उतरणारा कामगार शिरस्त्राणावर दिवा लावूनच उतरतो. पूर्वी त्यासाठी शिशाच्या पत्र्यांची जड बॅटरी कमरेला बांधावी लागे. लिथियम-आयन घट आणि शुभ्र एलईडी यांमुळे हे वजन झपाट्याने घटले. शुभ्र एलईडी ज्यामुळे शक्य झाला, त्या निळ्या एलईडीच्या शोधासाठी अकासाकी, अमानो व नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खाणीची शिस्त मात्र आपण उचलली नाही. तेथे दिवा भारित करून देणारी स्वतंत्र खोली असते, दिव्यांना क्रमांक असतात आणि दिला-घेतल्याची नोंद ठेवली जाते. या शिस्तीचा विचार पुढे केला आहे.

प्रकाशाचे मोजमाप

विजेरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश ‘ल्युमेन’मध्ये मोजतात, तर एका दिशेने जाणाऱ्या झोताची तीव्रता ‘कँडेला’मध्ये. पाण्याच्या उपमेने सांगावयाचे तर पंप एकूण किती पाणी फेकतो ते ल्युमेन, आणि नळीच्या तोंडाशी धारेला किती जोर आहे तो कँडेला. तेच पाणी झारीतून पसरता येते किंवा एकाच धारेने दूर फेकता येते.

खोक्यावरील ‘झोताचा पल्ला’ हा आकडा नीट समजून घ्यावा. प्रचलित आंतरराष्ट्रीय मानकानुसार, ज्या अंतरावर उजेड पाव लक्स इतका, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा, उरतो ते अंतर म्हणजे पल्ला. चांदण्यात झाड दिसते, झाडाखालचा साप दिसत नाही. शिवाय पल्ला दुप्पट करावयाचा तर झोताची तीव्रता चौपट करावी लागते. १०० मीटर पल्ल्याला २,५०० कँडेला पुरतात, तर २०० मीटरला १०,००० लागतात. हा खर्च बॅटरीतूनच होतो.

बांधावर चालणाऱ्यास दूरच्या झोताची फारशी गरज नसते. पावलापुढील पाच-दहा मीटर जमीन सारख्या उजेडात दिसणे महत्त्वाचे. त्यासाठी रुंद पसरणारा प्रकाश हवा. हाताशी चालणाऱ्या कामाला ५० ते १०० ल्युमेन, खडबडीत वाटेवर चालण्यास १५० ते २०० ल्युमेन पुरेसे होतात. गस्तीसाठी याखेरीज थोडा वेळ वापरण्याचा लांब झोत असलेली विजेरी घ्यावी.

बॅटरीचा हिशेब

शाळेतील विद्यार्थीही करू शकतील असा हा हिशेब आहे. बॅटरीवरील मिलिअँपिअर-तासांना तिच्या व्होल्टने गुणून हजाराने भागले की वॅट-तास मिळतात. २,००० मिलिअँपिअर-तासांची ३.७ व्होल्टची बॅटरी म्हणजे ७.४ वॅट-तास. वाटेतील घट वजा जाता सुमारे ६ वॅट-तास हाती राहतात. चांगला एलईडी एका वॅटमध्ये सुमारे १०० ल्युमेन प्रकाश देतो असे धरले, तर ही विजेरी १०० ल्युमेनने ६ तास किंवा ५० ल्युमेनने १२ तास चालेल. १,००० ल्युमेनने मात्र ती अवघी ३६ मिनिटे टिकेल. म्हणून ‘१,००० ल्युमेन, १० तास’ असे लहानशा विजेरीवर लिहिलेले असल्यास ते दोन आकडे एकाच वेळचे नाहीत, हे ओळखावे. मानकातही चालण्याचा अवधी प्रकाश मूळच्या एक-दशांशावर येईपर्यंत मोजण्याची मुभा आहे.

बहुतेक विजेऱ्यांत १८ मिलिमीटर जाडीचा व ६५ मिलिमीटर लांबीचा गोल घट असतो. त्याची क्षमता साधारणतः २,००० ते ३,५०० मिलिअँपिअर-तास असते. अशा एका घटावर ९,००० वा १०,००० चा आकडा छापलेला असेल, तर तो माल परत करावा. घटावर आयएस १६०४६ हा भारतीय मानकाचा क्रमांक व नोंदणी क्रमांक आहे की नाही, हेही पाहावे. घट बदलता येण्याजोगा असेल तर विजेरी कित्येक वर्षे उपयोगी पडते. वीजपुरवठा अनिश्चित असेल तेथे साधे पेन्सिल सेलही चालणारी जात अधिक सोयीची.

पाणी, ऊन आणि रंग

‘आयपीएक्स ४’ म्हणजे चहूबाजूंनी उडणारे पाणी सोसणारी वस्तू, तर ‘आयपीएक्स ७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणारी. ‘आयपी ६७’ मधील पहिला आकडा धुळीपासूनचे संरक्षण दर्शवितो. पावसाळी कामाला किमान पहिली श्रेणी, आणि धानाच्या बांधीत उतरणाऱ्यास शक्यतो शेवटची घ्यावी.

विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. लिथियम-आयन घट एवढ्या उष्णतेत भारित करणे हितकर नाही. म्हणून टिनाच्या छपराखाली भरदुपारी विजेरी भारित करू नये, मोटारीत विसरू नये. फुगलेला घट ताबडतोब वापरातून काढावा. तो उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे किंवा संकलन केंद्राकडे द्यावा. बॅटरी कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम त्यासाठीच आहेत.

डोळे अंधाराला पुरते सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि पांढऱ्या प्रकाशाने तो सराव क्षणात मोडतो. मचाणावर वा जागलीवर बसलेल्यास लाल दिव्याची सोय उपयोगी पडते. लाल प्रकाशाकडे किडेही कमी येतात. चालताना मात्र पांढराच प्रकाश वापरावा. लाल उजेडात मातीचा आणि सापाचा रंग वेगळा ओळखता येत नाही.

मर्यादाही जाणाव्या

दिवा डोळ्यांजवळ असल्याने वस्तूंच्या सावल्या त्यांच्यामागे दडतात आणि खाचखळगे सपाट भासतात. वन्य पशूंचे डोळे झोतात चमकतात, सापाचे तसे चमकत नाहीत. म्हणून डोक्यावरच्या दिव्याबरोबर गमबूट व काठी हवीच. संशयाच्या जागी हातातील दुसरी विजेरी खाली धरावी, म्हणजे सावल्या उठून दिसतात.

विजेरी ही वाघापुढची ढाल नव्हे. वनालगत एकट्याने जाऊ नये. बाजारातील साधी विजेरी कोळशाच्या खाणीत किंवा गोबर वायूच्या टाकीत कदापि नेऊ नये, कारण तेथे लहानशी ठिणगीही स्फोटास पुरते. जुन्या विहिरीत उतरताना तर अधिक सावध राहावे. प्राणवायू नसलेल्या विहिरीत कंदील विझतो व इशारा देतो. विजेरी मात्र शेवटपर्यंत जळत राहते आणि काहीच सांगत नाही.

दंश झालाच तर जखम कापू नये, आवळून बांधू नये. रुग्णास धीर द्यावा, हालचाल करू न देता १०८ क्रमांकावर वाहन बोलावून रुग्णालय गाठावे.

पंचायतीने काय करावे ?

ग्रामपंचायत, शाळा अथवा संस्था यांनी एकत्र खरेदी करताना दरपत्रकांत केवळ किंमत न मागता घटाची क्षमता, पाण्यापासूनच्या संरक्षणाची श्रेणी, मानकाचा क्रमांक, हमीचा काळ व सुटा घट मिळण्याची सोय या बाबी लिहून मागवाव्यात. प्रथम दोनच नग घ्यावेत. एका संध्याकाळी ते पूर्ण भारित करून नेहमीच्या उजेडावर लावावेत आणि दर तासाला नोंद करावी. आठ तासांनंतर दहा पावलांवरील दोर दिसत असेल, तरच उरलेली मागणी नोंदवावी. शाळेतील विज्ञान शिक्षकाने हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास गावाला परीक्षेचा निकाल मिळेल आणि मुलांना पाठही मिळेल.

पंचायतीच्या विजेऱ्यांना क्रमांक द्यावेत, एका जबाबदार व्यक्तीकडे त्या भारित करण्याचे काम सोपवावे आणि नोंदवही ठेवावी. वापरात नसलेली विजेरी अर्धी भारित ठेवावी व दर दोन-तीन महिन्यांनी तपासावी. खाणीच्या दिवेखोलीतील हीच शिस्त गावाच्या चावडीवर आली, तर रात्री ओलितासाठी निघालेल्या माणसाच्या हाती पडणारी विजेरी पहाटेपर्यंत साथ देईल, याची खात्री बाळगता येईल.