आधी नाला, मग जलपर्णी

सोलापुरात विजापूर रोडला लागून धर्मवीर संभाजी तलाव आहे. सोलापूरकर त्याला कंबर तलावच म्हणतात. स्थलांतरित पक्ष्यांचा हा जुना मुक्काम. इथे जलपर्णी इतकी माजली, की पाणी शोधावं लागे. महापालिकेने ती काढली, ती पुन्हा आली, पुन्हा काढावी लागली.

ती का परतते, ते एक रोप उपटून पाहिलं की कळतं. देठ फुगीर, आतून हवेने भरलेला, म्हणून ते तरंगतं. खाली काळपट मुळांचा झुबका लोंबतो आणि सांडपाण्यातलं नत्र, स्फुरद थेट ओढून घेतो. जांभळ्या फुलांच्या हौसेपायी दक्षिण अमेरिकेतून जगभर गेलेली ही वनस्पती. भरपूर खुराक मिळाला तर पंधरवड्यात दुप्पट होते. तिच्याखाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे तडफडतात. शिवाय बी गाळात वर्षानुवर्षं तग धरून राहतं. पोकलेन वरचा हिरवा थर उचलतं; सांडपाण्याचा नाला वाहताच राहिला तर तो खर्च दरवर्षीचा.

कोल्हापूरकरांनी हे रंकाळ्यावर भोगलं आहे. श्याम सोसायटी नाल्याचं सांडपाणी तलावात येत राहिलं, तोवर पाण्याची दुर्गंधी आणि जलपर्णी दोन्ही हटेनात. नाले अडवून पाणी वळवणं हेच तिथलं सर्वांत मोलाचं काम ठरलं. मात्र जमिनीखालच्या ड्रेनेज लाइनचं उद्घाटन कोण करणार? कारंजं, रंगीत दिवे आणि पदपथ लोकांच्या नजरेत भरतात, म्हणून पैसा तिकडे आधी जातो. हा क्रम उलटा व्हायला हवा.

सोलापुरातल्याच सिद्धेश्वर तलावाची गोष्ट थोडी वेगळी. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खोदवलेला हा तलाव भुईकोट किल्ल्याला खेटून आहे, आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत सारं शहर त्याच्या काठी येतं. तिथे श्रद्धेला धक्का न लावता पाणी जपायचं असतं. विसर्जित मूर्तींचं प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही, तळाशी साचतं. रंगातले जड धातू गाळात उतरतात. म्हणून गणेशोत्सवात महापालिका मूर्ती संकलन केंद्रं उभारते. हा उपाय अचूक जागी बसतो, कारण घाण पाण्यात पडण्याआधीच अडते.

राज्याचं 'माझी वसुंधरा' अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून सुरू आहे. त्यात पालिकांना पंचतत्त्वांवर गुण मिळतात, जल हे त्यातलं एक. जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पावसाच्या सोलापूरने त्या गुणांसोबत दर महिन्याला दोन्ही तलावांच्या पाण्यातल्या प्राणवायूचा आकडा काठावरच्या फलकावर लावावा आणि अजून कोणता नाला अडवायचा राहिला, तेही त्याखाली लिहावं.