सूरजागड भागात अटक झाली, तर नोंद कुठे शोधायची?

सूरजागड ज्या एटापल्ली तालुक्यात आहे, तिथे अटकेला कारणे पुष्कळ. लोहखनिजाच्या ट्रकखाली कुणी आले, की चालकावर गुन्हा दाखल होतो. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी असल्याने मोहाच्या दारूवर धाड पडते. शिकारीच्या किंवा सागवानाच्या प्रकरणात वनखाते पकडून नेते, आंदोलन असले की कार्यकर्ते ताब्यात घेतले जातात आणि नक्षल प्रकरणात थेट यूएपीए (बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा) लागतो. कारण कोणतेही असो, घरच्यांचे प्रश्न तेच असतात : माणूस कुठे आहे, कशासाठी नेला आणि कोर्टात कधी उभा करणार?

अमेरिकेत बऱ्याच काऊंट्यांमध्ये शेरीफचे कार्यालय तुरुंगात आणलेल्यांची यादी फोटोसकट संकेतस्थळावर टाकते. आपल्याकडे तशी पद्धत नाही. इथल्या कायद्याने अटकेची नोंद उघड ठेवायला लावली आहे ती पोलिसांवर लक्ष राहावे म्हणून. पकडलेल्याचा चेहरा जगाला दाखवणे हा तिचा हेतू नाही. ही नोंद एका जागी मिळत नाही. ठाणे, कोर्ट आणि कारागृह यांच्याकडे तिचे वेगवेगळे तुकडे असतात.

आधी पाहा : नेले कुणी?

पोलिसांनी गुन्ह्यात अटक केली असेल, तर एफआयआर असतो. वनखात्याने पकडले असेल, तर पोलीस ठाण्यात शोधून काही हाती लागणार नाही. वनगुन्ह्याचा कागद, म्हणजे पीओआर, वनपरिक्षेत्र कार्यालयात असतो. मात्र वनखात्यालाही आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावेच लागते.

तिसरा प्रकार प्रतिबंधक कारवाईचा. मोर्चाच्या किंवा एखाद्या दौऱ्याच्या आधी लोकांना उचलतात ती ही कारवाई. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 170 खाली अशी अटक होते आणि दुसरे कारण नसेल, तर 24 तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कलम 126 खालची शांतता राखण्याची प्रकरणे कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, तालुक्यात बहुधा तहसीलदाराकडे, चालतात. त्यामुळे ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर ती दिसत नाहीत. तिथे नाव सापडले नाही म्हणून अटकच झाली नाही, असे समजू नये.

ठाण्यातला फलक

डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 1996 रोजी अटकेचे नियम घालून दिले. पुढे ते कायद्यातच आले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेचे कलम 37 सांगते, की प्रत्येक जिल्ह्यात पोलीस नियंत्रण कक्ष असावा आणि प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा एक अधिकारी अटकेच्या माहितीसाठी नेमलेला असावा. अटक केलेल्याचे नाव, पत्ता आणि गुन्ह्याचे स्वरूप ठाण्यात व जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचे असते. फलकावर चालते, डिजिटल पद्धतीनेही चालते.

सूरजागडच्या बाजूला हेडरी, गट्टा अशी पोलीस मदत केंद्रे आहेत. तिकडे त्यांना सरसकट 'पोमके' म्हणतात. पोमकेत नेलेल्या माणसावरचा गुन्हा दुसऱ्याच ठाण्यात नोंदलेला असू शकतो. म्हणून जवळच्या पोमकेत विचारून थांबू नका. एटापल्ली ठाणे, उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याचे कार्यालय आणि गडचिरोलीचा नियंत्रण कक्ष इथेही विचारा. गावच्या पोलीस पाटलाला सोबत नेले, तर बोलणे सोपे जाते. 'नेमलेला अधिकारी कोण' असे स्पष्ट विचारावे. तो नेमणे कायद्याने बंधनकारक आहे.

अटकेचा कागद

कलम 36 प्रमाणे अटक करताना जागेवरच अटकेचा मेमो तयार करावा लागतो. त्यावर घरातल्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याची सही लागते. घरचा माणूस साक्षीदार नसेल, तर नातेवाइकाला किंवा मित्राला कळवण्याचा हक्क आहे, हे पोलिसांनी अटक झालेल्याला सांगायचे असते. कलम 48 प्रमाणे कुणाला कळवले त्याची नोंद ठाण्यातल्या वहीत करावी लागते.

सही करण्याआधी तीन गोष्टी वाचा : तारीख, वेळ, ठिकाण. सकाळी गावातून नेले आणि कागदावर संध्याकाळी दुसऱ्याच जागी अटक दाखवली असेल, तर मधल्या तासांचा हिशेब कोर्टात कुणीतरी मागायला हवा. अहेरी ठाण्यातल्या 2013 सालच्या प्रकरणात हा वाद झाला होता. विद्यार्थी कार्यकर्ता हेम मिश्रा याला अहेरीत अटक केल्याचे पोलिसांनी दाखवले. त्याच्या बाजूने मात्र सांगितले गेले, की त्याला बल्लारशाह रेल्वे स्थानकावरूनच उचलले होते. याच प्रकरणात पुढे प्रा. जी. एन. साईबाबा यांना अटक झाली. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने 7 मार्च 2017 रोजी सहाही आरोपींना दोषी ठरवले आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 5 मार्च 2024 रोजी त्यांची निर्दोष मुक्तता केली. यूएपीएखालची मंजुरी आणि जप्तीचे पुरावे खंडपीठापुढे टिकले नाहीत. पहिल्या दिवशीच्या कागदांची अशी तपासणी दहा वर्षांनंतरही होते.

अटकेची कारणे लेखी देणेही आता आवश्यक आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये मिहिर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की कारणे सर्व प्रकारच्या गुन्ह्यांत लेखी आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत द्यावीत. ताबडतोब लेखी देणे शक्यच नसेल, तर तोंडी सांगावे. पण रिमांडसाठी कोर्टापुढे नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. ज्याला फक्त माडिया भाषा कळते, त्याच्यापुढे मराठी कागद धरून अंगठा घेतला असेल, तर वकिलाने हा मुद्दा पहिल्याच रिमांडला काढावा.

एफआयआरची प्रत

यूथ बार असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 7 सप्टेंबर 2016 रोजी आदेश दिला, की एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकावा. ही मुदत 48 तासांपर्यंत वाढवता येते आणि दुर्गम भागात संपर्काची अडचण असेल, तर 72 तासांपर्यंत. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर प्रकाशित एफआयआर पाहण्याची सोय आहे. जिल्हा, ठाणे आणि तारखा निवडून शोध घ्यायचा. जवळच्या दोन-तीन ठाण्यांची नावे टाकून पाहावीत आणि तारखाही थोड्या मागेपुढे घ्याव्यात.

इथे गडचिरोलीची अडचण लक्षात घ्यावी लागते. बंडखोरी आणि दहशतवादाशी संबंधित, तसेच लैंगिक गुन्ह्यांतले एफआयआर संवेदनशील म्हणून संकेतस्थळावर न टाकण्याची मुभा त्याच आदेशात आहे. त्यामुळे नक्षल प्रकरणातला एफआयआर पोर्टलवर बहुधा दिसणार नाही. तसा निर्णय घेणारा अधिकारी पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालचा नसावा, अशी अट आहे. शिवाय प्रत मागण्याचा मार्ग बंद होत नाही. पोलीस अधीक्षकांकडे अर्ज करता येतो आणि अधिकाऱ्यांच्या समितीने तीन दिवसांत त्यावर निर्णय द्यायचा असतो. इतर प्रकरणांत आरोपी किंवा त्याच्या वतीने कुणीही ठाण्यात अर्ज करू शकतो. कोर्टात नक्कल अर्ज करण्याची वाटही आहेच.

एफआयआर मिळाला, की त्यावरचा अपराध क्रमांक, वर्ष आणि ठाण्याचे नाव लिहून घ्या. पुढचा सगळा शोध या तीन गोष्टींवर चालतो.

24 तासांनंतर : कोर्ट

कलम 58 प्रमाणे अटकेपासून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करावे लागते. प्रवासाचा वेळ त्यातून वगळला जातो. गट्ट्यापासून अहेरी किंवा गडचिरोलीपर्यंतचा रस्ता पाहता ही सवलत छोटी नाही. म्हणून निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ विचारून ठेवावी.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वा मोबाइल ॲपवर ठाणे, अपराध क्रमांक आणि वर्ष टाकून प्रकरण शोधता येते. नावानेही शोधता येते, पण आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग ठाण्यात एक आणि कोर्टात दुसरे असले, की शोध फसतो. रिमांडच्या टप्प्यावरची प्रकरणे तिथे दिसतीलच असे नाही. अशा वेळी कोर्टातल्या कर्मचाऱ्याला विचारणे हाच खात्रीचा उपाय.

रिमांडच्या आदेशात पीसीआर म्हणजे पोलिसांच्या ताब्यात, एमसीआर म्हणजे कारागृहात. पहिल्या रिमांडची तारीख जपून ठेवा. 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर जामिनाचा हक्क मिळतो आणि हे दिवस त्याच तारखेपासून मोजले जातात. यूएपीएत ही मुदत कोर्टाच्या परवानगीने 180 दिवसांपर्यंत वाढू शकते.

एमसीआर झाल्यावर या भागातले आरोपी चंद्रपूर जिल्हा कारागृहात किंवा नागपूर मध्यवर्ती कारागृहातही पाठवले जातात. भेटीसाठी ई-मुलाकात या सरकारी पोर्टलवर नाव नोंदवता येते. आधी कोणत्या कारागृहात ठेवले आहे, हे कोर्टाच्या आदेशावरून पाहून घ्या, म्हणजे नागपूरची खेप फुकट जाणार नाही.

फोटो का मिळत नाही?

अटकेनंतर पोलीस फोटो, बोटांचे ठसे आणि इतर मोजमापे घेतात. त्यासाठी 1920 च्या कायद्याच्या जागी आता 2022 चा फौजदारी प्रक्रिया ओळख कायदा आहे. ही माहिती राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे 75 वर्षांपर्यंत राहू शकते. आधी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस निर्दोष सुटला, तर अपिले संपल्यावर, कोर्टाने वेगळा आदेश दिला नसेल तर, ती नष्ट करायची असते. ती पाहण्याची सोय सर्वसामान्यांसाठी नाही.

यामागे तपासाचेही कारण आहे. साक्षीदाराने आरोपीचा चेहरा आधीच वर्तमानपत्रात पाहिला असेल, तर ओळख परेडला अर्थ उरत नाही. पत्रकारांपुढे आरोपीच्या डोक्यावर बुरखा असतो तो त्यासाठी. फरार व्यक्तींची गोष्ट वेगळी. त्यांना शोधायचे असते, म्हणून गडचिरोली पोलीस त्यांचे फोटो आणि जाहीर झालेले बक्षीस फलकांवर लावतात.

अमेरिकेत उघड फोटोंमधून एक धंदाच उभा राहिला. खासगी संकेतस्थळे ते फोटो उचलायची आणि काढून टाकण्यासाठी पैसे मागायची. जॉर्जियाने 2013 मध्ये आणि कॅलिफोर्नियाने 2014 मध्ये त्याविरुद्ध कायदे केले. आपल्याकडे हेच काम व्हॉट्सॲप फुकटात करते. अटकेचा फोटो पुढे पाठवणाऱ्याकडे तो माणूस नंतर सुटल्याची बातमी बहुधा पोहोचतही नाही.

काही नावे तर कायद्यानेच झाकलेली आहेत. 18 वर्षांखालच्या मुलाची ओळख बालन्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे उघड करता येत नाही. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे 1983 च्या कायदादुरुस्तीपासून गुन्हा आहे आणि त्या दुरुस्तीची पाळेमुळे याच मुलखात आहेत. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडल्यावर देशभर आंदोलन उठले आणि कायदा बदलावा लागला. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा 1982 साली वेगळा झाला.

काहीच पत्ता लागत नसेल तर

1. नेल्याची वेळ, जागा, गाडीचा नंबर आणि पाहणाऱ्यांची नावे लगेच लिहून ठेवा.

2. ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच नाकारली, तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा.

3. विधी सेवेच्या 15100 या क्रमांकावर फोन करा किंवा तालुका विधी सेवा समितीकडे जा. 1987 च्या कायद्याप्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, स्त्रीला आणि कोठडीतल्या कुणालाही उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो.

4. माहिती अधिकाराचा अर्ज करा आणि त्यात 'जीवित व स्वातंत्र्याशी संबंधित' असे स्पष्ट लिहा. अशा माहितीला 30 दिवसांची नव्हे, 48 तासांची मुदत आहे.

5. 24 तास उलटून गेले आणि कोर्टात हजर केल्याचे कुठेच कळत नसेल, तर वकिलामार्फत नागपूर खंडपीठात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका दाखल करता येते. मग माणूस कुठे आहे, याचे उत्तर पोलिसांना न्यायमूर्तींपुढे द्यावे लागते. त्या वेळी तुमच्या हातात पोच घेतलेला अर्ज असेल, तर याचिकेचे निम्मे काम झालेले असते.