समुद्रकिनारीचा वादविवाद

भर सभेत ख्रिस्ती धर्मोपदेशकांशी वाद घालण्याची वेळ महाराष्ट्रातील हिंदू विचारवंतांवर आली. 1831 मध्ये मोरोभट दांडेकरांनी मिशनरी जॉन विल्सन यांना तोंड दिले. पुढे 1857 च्या जानेवारी ते मे दरम्यान विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी दर गुरुवारी उभे राहत. वाळूत श्रोत्यांची गर्दी, समोर जॉर्ज बोएनसारखे मिशनरी, आणि प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर! कस लागायचा तो इथेच.

1263 मध्ये बार्सिलोनात ख्रिस्ती राजासमोर असाच धर्मवाद करणारे यहुदी पंडित नाखमानिदीस यांची परीक्षा मात्र याहून कठीण होती. राजाने त्यांना बक्षीस दिले. पण त्यांनी वादाची हकिकत लिहिताच खटला उभा राहिला आणि अखेर त्यांना देश सोडावा लागला.