पिल्लू दोरीला चालत नाही तेव्हा

समाजाच्या स्मरणिकेत कुत्र्याच्या पिल्लावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. पण पंचशीलातील पहिले शील केवळ माणसापुरते नाही, ते सर्व प्राणिमात्रांसाठी आहे. शील रोज वंदनेत म्हणायचे आणि दारातल्या मुक्या जिवाच्या गळ्याला मात्र फास लावायचा, हे बरे नव्हे. म्हणून आमच्या विद्यार्थी मित्रांसाठी हा विषय घेतला आहे.

आपल्या गोरेगावात मुले गल्लीतले पिल्लू हौसेने उचलून आणतात. चार दिवस दूध-भाकरी होते. मग त्याच्या गळ्यात सुतळी, कधी कधी तारही बांधतात आणि त्याला फिरवायला काढतात. पिल्लू चारही पाय रोवून बसते. मुलगा ओढतो, पिल्लू केकाटते. मोठी माणसे म्हणतात, "अडेल आहे, बांधून टाका." तेव्हापासून ते खुंट्यालाच राहते. सतत बांधलेला कुत्रा भित्रा आणि चिडखोर होतो. पुढे असाच कुत्रा सुटला की शाळेच्या पोरांच्या अंगावर जातो. म्हणजे पहिल्या आठवड्यातील ओढाताणीचा हिशेब पुढे सगळ्या गल्लीला चुकवावा लागतो.

आपल्या पाली वाङ्मयात दोरीला बांधलेला कुत्रा अनेकदा येतो. संयुत्त निकायातील गद्दुलबद्ध सुत्तात भगवंतांनी खांबाला बांधलेल्या कुत्र्याची उपमा दिली आहे. तो कितीही फिरला तरी खांबाभोवतीच फिरतो. अज्ञानी माणूस पंचस्कंधांना धरून तसाच फिरत राहतो, हा त्यातील बोध. जातकातील २४२ व्या, सुनख जातकात, धर्मशाळेत पाणी वाहणाऱ्यांनी वाढवलेल्या एका कुत्र्याची हकीकत आहे. एका खेडुताने त्याला विकत घेतले व चामड्याच्या पट्ट्याने बांधून नेले. कुत्रा वाटेत कुरकुरला नाही, दिले ते खाल्ले. मालकाला वाटले, याला माझा लळा लागला. त्याने पट्टा सोडला, तसा कुत्रा थेट धर्मशाळेकडे पळाला. निमूट चालणे म्हणजे राजीखुशीने चालणे नव्हे, हे या गोष्टीवरून ध्यानात घ्यावे. आपल्याला पिल्लू राजीखुशीने चालायला हवे आहे.

पिल्लू अडते ते हट्टाने नव्हे. त्याची तीन कारणे आहेत. पहिले, गळ्याभोवती काही असण्याची त्याला सवय नसते. दुसरे, गळ्याला ताण बसला की कुत्रा स्वभावतःच उलट दिशेने जोर लावतो. म्हणून आपण जितके ओढू तितके ते मागे रेटते. तिसरे, घराबाहेरचे जग त्याला भीतीचे असते. ट्रॅक्टरचा आवाज, मोटारसायकलीचा हॉर्न, गल्लीतली मोठी कुत्री हे सारे त्याला नवे असते. सुमारे तीन ते बारा-चौदा आठवडे हे पिल्लाचे जगाची ओळख करून घेण्याचे वय. या वयात बसलेली भीती लवकर जात नाही, तसा बसलेला विश्वासही जात नाही.

आता रीत सांगतो. सुतळी आणि तार वर्ज्य. हलका, मऊ कापडी पट्टा घ्यावा. पट्टा आणि मान यांत आपली दोन बोटे सहज गेली पाहिजेत. पिल्लू वाढते, म्हणून दर आठवड्याला हे तपासावे. पहिले दोन-तीन दिवस फक्त पट्टा घालावा, तोही जेवणाच्या वेळी. पिल्लू मान खाजवील, लोळेल, मग खाण्यात विसरून जाईल. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न येण्याआधीच्या खुणेनेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवून दिले. आपणही तेच करायचे आहे. पट्टा दिसला की भाकरी आठवली पाहिजे, मार नव्हे.

नंतर पट्ट्याला हलकी दोरी अडकवून ती अंगणात मोकळी फरफटू द्यावी. आपण जवळ असावे, म्हणजे ती कोठे अडकणार नाही. मग दोरीचे टोक हातात घ्यावे, पण पिल्लाला न्यायचे नाही. ते जिकडे जाईल तिकडे आपणच त्याच्यामागे जायचे. दोन दिवसांनी चार पावले पुढे जाऊन खाली बसावे व नावाने हाक मारावी. ते आले की भाकरीचा किंवा उकडलेल्या अंड्याचा लहानसा तुकडा द्यावा. दोरी सैल असतानाच खाऊ मिळतो, हे त्याला कळले म्हणजे अर्धे काम झाले.

बाहेर काढल्यावर ते बसलेच तर ओढू नये, दटावू नये. डोळ्यांत डोळे घालून समोर उभे राहू नये. त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून खाली बसावे आणि थांबावे. त्याने एक पाऊल जरी टाकले तरी शाबासकी द्यावी. एक युक्ती फार उपयोगी पडते. पुष्कळ पिल्ले घरापासून दूर जात नाहीत, पण घराकडे मात्र आनंदाने चालतात. तेव्हा पिल्लाला उचलून दहा-वीस पावले दूर न्यावे आणि तेथून घराकडे चालवावे. रोज अंतर थोडे वाढवावे. एका वेळी पाच मिनिटे पुरे. पुढे ते ओढू लागले तर आपण जागीच उभे राहावे. दोरी सैल झाली की चालावे.

उन्हाळ्यात आपल्याकडचा डांबरी रस्ता पाय भाजून काढतो. हाताचा पंजा रस्त्यावर उलटा ठेवून पाहावा. आपल्याला पाच सेकंद सोसत नसेल तर पिल्लालाही सोसणार नाही. पहाटे किंवा तिन्हीसांजेनंतर फिरवावे. चालता चालता एकाएकी अडले तर पायात काटा आहे का, गळ्याखाली गोचीड आहे का, तेही पाहावे. लसी पूर्ण होईपर्यंत इतर कुत्र्यांच्या उकिरड्यावर नेऊ नये. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात द्यावी आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित द्यावी. कुत्रे चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. येथे झाडपाला किंवा मंत्र चालत नाही.

कायद्याचीही माहिती असावी. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमानुसार प्राण्याला फार आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा अपराध आहे. नेहमी बांधलेल्या कुत्र्याला मालकाने फिरवलेच नाही, तर तोही अपराध आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने संविधानात जी मूलभूत कर्तव्ये आली, त्यांतही सजीव प्राण्यांविषयी भूतदया सांगितली आहे.

महाडच्या तळ्यावर जनावरांना पाणी पिण्यास बंदी नव्हती, माणसांना होती. म्हणून २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तेथे ओंजळ भरावी लागली. पण त्या अन्यायात जनावराचा काही दोष नव्हता, माणसाच्या मनाचा होता. दुसऱ्याच्या हातातील दोरी काय असते, हे आपल्या वाडवडिलांनी भोगले आहे. त्यामुळे आपल्या हाती दोरी आली असता ती कशी धरावी, हे आपल्याला अधिक कळले पाहिजे.

२०२५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील टेक्सासहून वॉशिंग्टनकडे शांतीसाठी पायी निघालेल्या भिक्खूंबरोबर 'आलोक' नावाचा कुत्रा होता. तो मूळचा भारतातील रस्त्यावरचा. येथील पदयात्रेत तो आपणहून भिक्खूंच्या मागे लागला होता. ज्याला ओढावे लागत नाही, तोच लांबवर सोबत करतो.

विद्यार्थी मित्रांनो, रोज पाच मिनिटे आणि भाकरीचा चतकोर, एवढ्यावर हे काम होते. पण त्या पाच मिनिटांत आपला राग आवरणे, थांबणे आणि दुसऱ्याची भीती ओळखणे हे शिक्षण आपलेच होते. मैत्री आणि करुणा हे शब्द वंदनेत म्हणायचे तसेच अंगणातही वापरायचे असतात.

जयभीम!