चटणीच्या पाकिटावरचा र

पुण्याच्या नऱ्ह्यातल्या एका किराणा दुकानात लसणाच्या चटणीचं पाकीट हातात आलं. खाली पत्त्यात 'नऱ्हे' लिहिलं होतं, आणि ते बरोबर लिहिलं होतं. याच रस्त्यावर पाट्यांवर, फ्लेक्सवर, शटरवर 'न-हे' असं सर्रास दिसतं. हा अर्धा र टाइप करता आला नाही की मध्ये आडवी रेघ टाकून मोकळं व्हायचं: कु-हाड, व-हाड, सा-या. आपल्या डोळ्यांना ते आता खुपतही नाही. या पाकिटावर मात्र तो र हाताने काढलेला होता, ह च्या पोटाला हलकेच टेकलेला. एवढ्या छोट्या जागेत एवढी काळजी कोणी घेतली, हे मला कळायलाच हवं होतं.

पाकिटावरच्या नंबरवर फोन केला. "आमच्या शेजारची मुलगी आहे, अप्लाइड आर्टला," चटणीवाल्या काकू म्हणाल्या. "पंधराशे दिले तिला." आकडा त्यांनी न विचारताच सांगितला, थोडा अभिमानानं, थोडा संकोचानं.

ती बीएफएच्या चार वर्षांपैकी तिसऱ्या वर्षाला आहे. घराच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला तिचा ड्रॉइंग बोर्ड उभा असतो आणि दिवाणाखाली सबमिशनच्या शीट्स. पहिल्या वर्षाचं स्टिल लाइफ, टूडी, थ्रीडी, रंगांचे अभ्यास. मग पोस्टर, प्रेस लेआउट, इलस्ट्रेशन, आणि यंदा पॅकेजिंग. हे सगळं तिने भराभर दाखवलं. थांबली ती अक्षरांच्या शीट्सपाशी.

कार्ट्रिज पेपरवर पेन्सिलच्या फिक्या रेघा, त्यांत बोरूने आणि कट निबने काढलेली अक्षरं. एका शीटवर नुसता ह. पोटाचा गोल कुठे जाड, कुठे बारीक, हे बोरूच्या कोनावर ठरतं. मनगट वळलं की सगळं बिघडतं. कोपऱ्यात सरांची लाल पेन्सिल: 'आतली जागा बघ.' अक्षराची काळी रेघ तर सगळेच बघतात. सर तिला रेघांमधला पांढरा भाग बघायला शिकवत होते. याच वर्गात तिने पहिल्यांदा र. कृ. जोशींचं काम पाहिलं. ते कवी आणि सुलेखनकार. संगणकावर वर्षानुवर्षं मराठी वाचताना आपल्यासमोर असलेला 'मंगल' हा फाँट त्यांचाच. अक्षरं कोणीतरी बसून काढलेली असतात, हे तेव्हा लक्षात आलं, असं ती म्हणाली.

चटणीचं काम आलं तेव्हा तिने आधी तयार फाँट लावून पाहिले. 'लसूण' लिहिलं तर हिंदी वळणाचा, दंडाचा ल आला. तिला हवा होता पाकळीचा ल. 'शेंगदाणा'तला श हवा होता देठाचा. बऱ्याच फाँटमध्ये ही मराठी रूपं असतात, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं प्रोग्रामला नेमून सांगितलं तरच ती वर येतात. त्याआधी आणखी एक अडथळा होता. 'मिरची' टाइप केलं की पहिली वेलांटी म च्या पलीकडे जाऊन बसायची आणि 'नऱ्हे'तला अर्धा र पाय मोडलेला दिसायचा. सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागतो, हे तिला एका सीनियरने दाखवलं. मराठी मुलं मराठी गावात मराठी पाकीट करतात, आणि त्यासाठी इतकी शोधाशोध करावी लागते याचा मला राग आला. तिला आला नव्हता. तिने समोरचं नाव आणि पत्ता हातानेच काढायचं ठरवलं आणि मागच्या बारीक मजकुराला 'मुक्ता' वापरला, जो मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने केलेला आहे आणि सगळ्यांना मोफत वापरता येतो.

हा मागचा मजकूर म्हणजे वेगळंच काम. चौकोनातला हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅकिंगची तारीख, घटक. नियमांनुसार पाकिटावरची ही माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत लागते. मराठी त्याच्या जोडीला चालते. आकड्यांची उंची किती, तेही ठरलेलं. काकूंना यातलं काही ठाऊक नव्हतं. नियम हिने शोधले, वाचले, त्यांना समजावले. त्या पंधराशेत हेही आलं.

तिच्याबरोबर मी नारायण पेठेतल्या प्रेसवर गेले. स्क्रीनवरचा झणझणीत लाल कागदावर उतरताना विटकरी झाला, कारण स्क्रीन प्रकाशाने रंगवते आणि प्रेस चार शायांनी. तिने पिवळा थोडा वाढवला, निळसर अगदी काढून टाकला, पुन्हा प्रूफ घेतलं. बारीक अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवली. चारही रंग एकावर एक आले आणि केसभर सरकले तर 'मीठ' वाचता येत नाही. कडेला तीन मिलिमीटर जास्तीचा रंग सोडला, १३ बाय १९ इंचांच्या शीटवर स्टिकर बसवले, हाफ कटची रेघ दिली. प्रेसवाले दादा बघत होते. "ताई, एवढ्याचे किती घेतलेत?" तिने सांगितलं. "पंधराशे? आमच्याकडे डिझाइन फ्री असतं," ते म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता. खरोखरच त्यांच्याकडे दर कागदाचा आणि शाईचा लागतो. मधलं डोकं आणि मनगट बिलात कुठेच नसतं. 'न-हे' तिथूनच येतं, असं मला वाटतं. फुकटच्या कामात अर्ध्या र साठी वेळ कोण काढणार?

कॉलेजने तिला बघायला शिकवलं आहे आणि ते मी फार मोठं मानते. त्या ह च्या शीट्स नसत्या तर तो र आलाच नसता. पण अंदाजपत्रक कसं द्यायचं, आगाऊ रक्कम किती मागायची, किती वेळा बदल करून द्यायचे, हे त्याच वर्गात शिकवायला काय हरकत आहे? वर्गातल्या कामाला ज्युरी असते, मार्क असतात. शेजारच्या काकूंना नाही म्हणायचं कसं, ते मात्र तिचं तिलाच शोधावं लागलं. नावाचा रंग काकूंनी तीनदा बदलून घेतला.

काकूंकडे गेले तेव्हा सुक्या खोबऱ्याचा आणि भाजक्या लसणाचा वास जिन्यापर्यंत आला होता. तिच्या फाइलमधल्या कच्च्या आराखड्यांनाही तोच वास येतो, कारण लेबल ती चटणीच्या भरलेल्या पाकिटावर लावून बघायची. मी काकूंना सांगितलं की पाकीट मी त्या र साठी उचललं. "हो का? आम्ही तर बघितलंच नव्हतं," म्हणाल्या, आणि चष्मा लावून पाकीट जवळ धरलं. बराच वेळ बघत राहिल्या.

आता जवस, कारळं आणि शेंगदाणा अशी आणखी तीन पाकिटं करायची आहेत. या वेळी तिने काकूंना व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी हिशोब पाठवला आहे: लेआउट, प्रेसची फाइल आणि अक्षरलेखन, तिन्ही वेगवेगळं. अक्षरलेखनापुढे एकट्याचे पंधराशे लिहिलेत. पाठवायच्या आधी तिने मला विचारलं, जास्त होतात का? मी म्हटलं, अजिबात नाही. काकूंचं उत्तर आलंय: "ह्यांना विचारून सांगते गं."